लहान देशांच्या मतांचे मालक जॅक वॉर्नर यांस

श्री. जॅक वॉर्नर यांस,

पोर्ट ऑफ स्पेन हे नाव मराठी घरांत १९७१ पासून आपुलकीनं घेतलं जातं. अजित वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं ते तुमच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर. त्या सामन्यातलं दिलीप सरदेसाईंचं शतक, सुनील गावसकरांचं पदार्पण आणि मालिकेच्या शेवटी त्याच मैदानावर गावसकरांनी केलेल्या १२४ आणि २२० धावा आमच्याकडे अजून तोंडपाठ आहेत. आपलाच संघ हरवणाऱ्या त्या पाहुण्या पोरावर त्रिनिदादच्या लोकांनी कॅलिप्सो रचलं. इतक्या मोठ्या मनाच्या लोकांच्या फुटबॉलचा कारभार कितीतरी वर्षं तुमच्या हातात होता. त्या लोकांनी मला वकीलपत्र दिलेलं नाही, पण हे पत्र त्यांच्या बाजूनं लिहितो आहे.

तुम्ही राजकारणात आणि फुटबॉलच्या कारभारात मोठे होण्याआधी इतिहास शिकवत होता. इतिहासाच्या माणसाला तारखा लागतात, तेव्हा तारखेपासूनच सुरुवात करू.

१९ नोव्हेंबर १९८९. पोर्ट ऑफ स्पेनचं राष्ट्रीय स्टेडियम. समोर अमेरिका. त्रिनिदाद आणि टोबॅगोला नुसती बरोबरी पुरेशी होती, की इटलीतल्या विश्वचषकाचं दार उघडणार होतं. सगळा देश लाल कपडे घालून आला होता. तुम्ही देशाच्या फुटबॉल संघटनेचे सचिव होता आणि स्टेडियममध्ये मावतील त्यापेक्षा हजारो जास्त तिकिटं विकली गेली होती. खिशात तिकीट असलेले लोक दाराबाहेर राहिले. आत पॉल कॅलिग्युरीचा एक गोल झाला आणि सगळं संपलं. एवढं होऊनही लोकांनी दंगा केला नाही. फिफानं त्या वर्षीचा फेअर प्ले पुरस्कार त्रिनिदादच्या प्रेक्षकांना दिला. आणि काही महिन्यांतच, १९९० मध्ये, तुम्ही उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या महासंघाचे, म्हणजे कॉन्काकॅफचे अध्यक्ष झालात. प्रेक्षकांना पुरस्कार मिळाला, तुम्हाला बढती मिळाली.

तुमची एक गोष्ट मान्य करतो, आणि अगदी मनापासून करतो: मताची किंमत तुमच्याइतकी अचूक कुणालाच कळली नव्हती. फिफात एका देशाला एक मत असतं. जर्मनीला एक, ब्राझीलला एक, आमच्या अवाढव्य भारताला एक, आणि जेमतेम पाच हजार वस्तीच्या मॉन्टसेरातलाही एक. नियम चांगला आहे. मोठ्यांनी लहानांना दाबू नये म्हणून तो आहे. कॉन्काकॅफच्या पस्तीस मतांपैकी पंचवीस मतं कॅरिबियन बेटांची, आणि कॅरिबियन फुटबॉल संघाचे अध्यक्षही तुम्हीच. ज्या बेटांकडे धड हिरवळ नव्हती, मुलांना बूट नव्हते, त्यांच्याकडे मत मात्र होतं. तुम्ही त्या मतांची मोळी बांधलीत आणि तिच्या जोरावर दोन दशकं झुरिकमधल्या फिफाच्या मुख्यालयात मानाच्या खुर्चीवर बसलात. १९९७ पासून तर तुम्ही फिफाचे उपाध्यक्ष होता. आमच्याकडे काही संस्थांच्या निवडणुकांत मतदारांना आठवडाभर सहलीला नेऊन ठेवतात. तुम्ही अख्खे देश वर्षानुवर्षं तसे सांभाळलेत.

या मोळीचा मोबदला काय होता? पोर्ट ऑफ स्पेनजवळ मकोया इथलं सेंटर ऑफ एक्सलन्स हा त्याचा ढळढळीत नमुना. कॅरिबियनमधल्या मुलांना प्रशिक्षण मिळावं म्हणून फिफानं १९९६ ते २००६ या काळात त्यासाठी सुमारे अडीच कोटी डॉलर दिले. कॉन्काकॅफला वाटत होतं की ही आपली मालमत्ता. तुम्ही गेल्यावर २०१२ मध्ये सदस्यांना कळलं की ज्या जमिनीवर ते उभं आहे ती तुमच्या कंपन्यांच्या नावावर आहे. त्यातल्या एका कंपनीचं नाव म्हणजे तुमचंच आडनाव उलटीकडून लिहिलेलं होतं. बार्बाडोसचे माजी सरन्यायाधीश सर डेव्हिड सिमन्स यांच्या समितीनं एप्रिल २०१३ मध्ये अहवाल दिला, की तुम्ही ही मालकी फिफापासून आणि कॉन्काकॅफपासून लपवलीत आणि तुमचा व तुमचे सरचिटणीस चक ब्लेझर यांचा कारभार फसवणुकीचा होता. सिमन्स कॅरिबियनचेच. तुमच्याच समुद्रावरच्या शेजारच्या बेटावरचे. गोऱ्या साहेबांनी रचलेला कट म्हणून हा अहवाल उडवून लावता येत नाही, तो यासाठी.

त्याच अहवालात एक प्रकरण आहे, ते वाचल्यावर मी कितीतरी वेळ पुढचं काही वाचू शकलो नाही. मार्व्हिन ली हा त्रिनिदादच्या वीस वर्षांखालच्या संघातला मुलगा. २००१ मध्ये अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात लँडन डोनोव्हनशी त्याची टक्कर झाली, मानेला जबर दुखापत झाली आणि तो लुळा पडला. दोन वर्षांनी तो गेला. सेंटर ऑफ एक्सलन्समधल्या स्टेडियमला त्याचं नाव दिलं. २०२२ चा विश्वचषक मागणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या संघटनेनं २०१० मध्ये त्या स्टेडियमच्या सुधारणेसाठी सुमारे चार लाख साठ हजार अमेरिकी डॉलर पाठवले. तुमचं मत मिळावं हा हेतू होता हे शेंबड्या पोरालाही कळेल, आणि ऑस्ट्रेलियाही त्यात धुतल्या तांदळासारखा नाही. पण पैसे आले होते ते मार्व्हिन लीच्या नावानं. सिमन्स समितीनं लिहिलं, की ते तुम्ही हडप केलेत. वॉर्नरसाहेब, तुम्हाला पैसे खायला दुसरं नाव मिळालं नाही? संघासाठी खेळता खेळता ज्याचं शरीर गेलं, त्याच्या नावाच्या पाटीआडून हात घालावासा वाटला?

ऑस्ट्रेलियाला २ डिसेंबर २०१० च्या मतदानात एकच मत पडलं आणि ते पहिल्याच फेरीत बाद झाले. त्या दिवशी फिफाच्या कार्यकारिणीतल्या २२ जणांनी दोन विश्वचषक वाटले. २४ पैकी दोघे मत विकायला तयार असल्याच्या आरोपावरून आधीच निलंबित होते. २०१८ चा रशियाला, २०२२ चा कतारला. रशियाला मत देण्यासाठी तुम्हाला पन्नास लाख डॉलर मिळाले, असं अमेरिकी सरकारी वकिलांनी २०२० मध्ये आरोपपत्रात लिहिलं आहे. तुम्ही ते नाकारलंत आणि त्यावर खटला चालला नाही, म्हणून मी ते आरोप म्हणूनच नोंदवतो. पण उन्हाळ्यात फुटबॉल खेळणं अशक्य असलेल्या देशाला उन्हाळी स्पर्धा देऊन पुढे ती हिवाळ्यात ढकलावी लागली, त्या निर्णयाच्या टेबलापाशी तुम्ही बसला होता, हे तर खरं आहे.

आता २००६. हे सविस्तर लिहिणार आहे, कारण यात फसवले गेले ते कुणी परके नव्हते.

नोव्हेंबर २००५ मध्ये बहरीनच्या मनामात डेनिस लॉरेन्सच्या हेडरनं त्रिनिदाद आणि टोबॅगो विश्वचषकात पोहोचला. तेरा लाखांचा देश. तोवर विश्वचषकाला पात्र ठरलेल्या देशांत सगळ्यात लहान. १० जून २००६ ला डॉर्टमुंडमध्ये त्यांनी स्वीडनला गोल करू दिला नाही. दुसऱ्या अर्धात एक खेळाडू बाहेर काढला गेल्यावर दहा जण लढले. गोलरक्षक शाका हिस्लॉपला सामन्याच्या ऐन तोंडावर उभं केलं होतं, आणि तो भिंतीसारखा उभा राहिला. कॉर्नेल ग्लेनचा फटका क्रॉसबारवर आदळला. हाच ग्लेन पुढे कोलकात्यात मोहन बागानच्या जर्सीत आमच्याकडे खेळला. गोव्यात चर्चिल ब्रदर्सच्या चाहत्यांना त्रिनिदादचे अँथनी वुल्फ आणि विलिस प्लाझा ठाऊक आहेत. त्या लहान बेटावरचे खेळाडू जगभर घाम गाळून पोट भरतात. त्यांना कमी लेखू नका.

तुम्ही कागदावर संघटनेचे फक्त विशेष सल्लागार होता. शब्द तुम्ही दिलात: विश्वचषकातून मिळणाऱ्या व्यावसायिक उत्पन्नातला निम्मा वाटा खेळाडूंचा. स्पर्धा संपली. संघटनेनं उत्पन्न दाखवलं सुमारे १ कोटी ८२ लाख त्रिनिदादी डॉलर आणि खर्चही जवळपास तेवढाच. त्यातून प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला साडेपाच हजारांच्या आसपास त्रिनिदादी डॉलर, म्हणजे ब्रिटिश पौंडांत पाचशेच्या घरात. नंतर सरकारकडची आकडेवारी बाहेर आली. तिच्यात उत्पन्न होतं १७ कोटी ३० लाख. दोन्ही आकडे एकाच संघाचे, एकाच स्पर्धेचे. मधले पंधरा कोटी कुठे गेले, हा प्रश्न दहावीच्या मुलालाही पडेल.

खेळाडूंनी तो प्रश्न विचारला. लंडनच्या लवादात गेले आणि २००८ मध्ये जिंकले. तोवर तुमच्या संघटनेनं त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. आदल्या वर्षी ज्यांची मिरवणूक निघाली, त्यांना राष्ट्रीय संघाचे दरवाजे बंद झाले. फुटबॉलपटूची कारकीर्द किती लांब असते, वॉर्नरसाहेब? तीस-बत्तीसच्या वयात गेलेलं एक वर्ष कुठल्या लवादातून परत मिळतं? निकाल लागूनही पैशांसाठी त्यांना वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. हिस्लॉप आणि त्याचे सहकारी तुम्हाला घाबरले नाहीत, एवढा एकच आनंद त्या सगळ्या प्रकरणात आहे.

त्याच विश्वचषकाची तिकिटं तुमच्या कुटुंबाच्या ट्रॅव्हल कंपनीनं महागड्या सहलींत घालून विकली. ही बातमी काढली त्रिनिदादच्याच लसाना लिबर्ड या पत्रकारानं. फिफानं नेमलेल्या लेखापरीक्षकांना नऊ लाख डॉलरच्या वर नफा दिसला. शिक्षा म्हणून फिफानं तुमच्याबद्दल नापसंती नोंदवली. नापसंती! गल्लीतल्या क्रिकेट स्पर्धेत पंचाला शिवी दिली तरी याहून मोठी शिक्षा होते. झुरिकला तुमची मतं हवी होती, तुम्हाला झुरिकची मेहेरनजर. २००५ मध्ये कॅरिबियनच्या प्रक्षेपणाचे हक्क सहा लाख डॉलरला देणाऱ्या करारावर फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांचीच सही होती. ते हक्क पुढे तुमच्या कंपनीमार्फत कित्येक पट किमतीला विकले गेल्याचे कागद स्विस टेलिव्हिजननं २०१५ मध्ये दाखवले. या पत्राची एक प्रत ब्लाटर यांनाही पाठवली, तरी चालेल.

हैतीबद्दल लिहिताना माझा हात कापतो. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात लाखांवर माणसं गेली. तिथल्या फुटबॉल संघटनेची इमारत कोसळली आणि आत असलेले कितीतरी जण ढिगाऱ्याखाली गेले. फिफा आणि दक्षिण कोरियाच्या संघटनेनं साडेसात लाख डॉलर मदत दिली. ती गेली तुमच्या ताब्यातल्या खात्यात. हैतीपर्यंत त्यातला लहानसाच वाटा पोचला, असं पुढे समोर आलं. हिशेब मिळेना, म्हणून फिफानं त्रिनिदादचा निधी रोखला, म्हणजे पुन्हा झळ बसली तुमच्याच देशातल्या पोरांना. तुम्ही म्हणता, आरोप खोटा. मग हिशेब दाखवायला अडचण काय होती? इथे प्रतिस्पर्ध्याला मात देण्याचा प्रश्न नव्हता, मतांचं राजकारण नव्हतं. ढिगाऱ्याखालून माणसं काढत असलेला शेजारी देश होता.

दक्षिण आफ्रिकेचंही तसंच. २००८ मध्ये फिफामार्फत एक कोटी डॉलर तुमच्या हाताखालच्या खात्यांत आले. कागदावर कारण होतं आफ्रिकी वंशाच्या कॅरिबियन लोकांसाठीचा वारसा कार्यक्रम. अमेरिकी तपासयंत्रणा म्हणतात, ही २०१० चा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेला मिळवून देण्याची किंमत होती. चक ब्लेझर यांनी न्यायालयात कबूल केलं, की त्या स्पर्धेच्या निवडीसाठी त्यांनी आणि कार्यकारिणीतल्या इतरांनी लाच घ्यायचं मान्य केलं होतं. २०१५ मध्ये बीबीसीनं खात्यांचे कागद पाहून सांगितलं, की पैसे रोख काढले गेले, कर्जं आणि क्रेडिट कार्डं भागवली गेली, त्रिनिदादमधल्या एका सुपरमार्केट साखळीकडे मोठी रक्कम वळली. गुलामांच्या जहाजांतून कॅरिबियनला आणलेल्या माणसांच्या वंशजांसाठी म्हणून आलेला पैसा तो. तुम्ही इतिहास शिकवत होता. त्या जहाजांबद्दल तुम्ही वर्गात नेमकं काय सांगत होता?

हे विचारण्याचं कारण आहे. जेव्हा जेव्हा तुमच्याकडे कुणी बोट दाखवलं, तेव्हा तेव्हा तुम्ही तुमचा रंग आणि तुमचं बेट पुढे केलंत. युरोपचे लोक लहान देशाचा, काळ्या माणसाचा उत्कर्ष सहन करत नाहीत, हे तुमचं ठरलेलं उत्तर. युरोपनं तुमच्या लोकांवर केलेला अन्याय खरा आहे, त्यांच्या फुटबॉलमधला गर्वही खरा आहे. म्हणूनच तुमचा गुन्हा मला मोठा वाटतो. वर दिलेली यादी पुन्हा वाचा: दाराबाहेर राहिलेले प्रेक्षक त्रिनिदादचे, बहिष्कृत खेळाडू त्रिनिदादचे, मार्व्हिन ली त्रिनिदादचा, भूकंपग्रस्त हैतीचे. तुम्ही एकाही गोऱ्या साहेबाला लुटलं नाहीत, वॉर्नरसाहेब. ज्यांच्या नावानं गळा काढलात, त्यांनाच लुटलंत.

आणि त्यांना लाचही दिलीत. मे २०११, पोर्ट ऑफ स्पेनचं हयात हॉटेल. फिफाचं अध्यक्षपद मागायला कतारचे मोहम्मद बिन हम्माम आले होते. कॅरिबियन संघटनांच्या प्रतिनिधींना एकेक करून खोलीत बोलावून पाकीट दिलं गेलं, आत चाळीस हजार अमेरिकी डॉलर. बहामाचे फ्रेड लन यांनी नोटांचा फोटो काढला आणि पाकीट परत केलं. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत तुम्ही चिडून म्हणालात, की ज्यांना फार सोवळं पाळायचं आहे त्यांनी चर्च उघडावं, आपला कारभार तो आपलाच. त्याची चित्रफीत जगानं पाहिली. मला त्या चित्रफितीत तुमच्यापेक्षा समोर बसलेले लोक आठवतात. लहान बेटांवरचे लहान पदाधिकारी. त्यातल्या एकानं पैसे परत केले, म्हणून तुमचं वीस वर्षांचं साम्राज्य महिनाभरात कोसळलं. लहान देशाच्या एका प्रामाणिक माणसात किती ताकद असते, हे तुम्हाला त्या देशांचे पुढारी असून माहीत नव्हतं.

जून २०११ मध्ये तुम्ही राजीनामा दिलात, आणि फिफानं तुमची चौकशी थांबवून तुम्हाला निर्दोष गृहीत धरत असल्याचं पत्रक काढलं. तेव्हा तुम्ही त्रिनिदादचे मंत्री होता, पुढे तर राष्ट्रीय सुरक्षा खातं तुमच्याकडे आलं. चग्वानास वेस्टच्या मतदारांनी तुम्हाला निवडून दिलं होतं. तिथे आमच्याच देशातून ऊसमळ्यांवर गेलेल्या गिरमिटियांचे वंशज नांदतात. सिमन्स अहवाल आल्यावर मंत्रिपद गेलं, तरी त्याच मतदारसंघानं जुलै २०१३ मध्ये तुम्हाला पुन्हा निवडलं. याचं वाईट वाटतं, पण त्या मतदारांना नावं ठेवायचा अधिकार आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना नाही.

२७ मे २०१५ ला अमेरिकेच्या मागणीवरून झुरिकच्या हॉटेलातून फिफाचे पदाधिकारी धरले गेले, त्याच दिवशी तुम्हालाही त्रिनिदादमध्ये अटक झाली. जामिनावर सुटून तुम्ही एक चित्रफीत काढलीत. हातात एका विडंबन करणाऱ्या वृत्तपत्राची बातमी धरून, ती खरी समजून, अमेरिकेला जाब विचारलात. जग हसलं. मला हसू आलं नाही. कॅरिबियनच्या फुटबॉलचं भवितव्य वीस वर्षं या माणसाच्या सहीवर अवलंबून होतं, एवढंच मनात आलं. त्या सप्टेंबरात फिफानं तुमच्यावर आजन्म बंदी घातली. तुमच्या दोन्ही मुलांनी त्याआधीच अमेरिकी न्यायालयात गुन्हे कबूल केले होते. तुम्ही मात्र प्रत्यार्पणाविरुद्ध दहा वर्षं लढलात, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये २०२२ मध्ये हरलात, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्रिनिदादच्या उच्च न्यायालयात जिंकलात. सरकारनं प्रत्यार्पणाची प्रक्रिया नीट केली नव्हती, हे तिथे ठरलं. तुम्ही पैसे घेतले की नाही, यावर कुठल्याही फौजदारी न्यायालयात साक्षीपुरावा झालेला नाही, आणि आता बहुधा होणारही नाही.

म्हणून एक मागणी करतो. जून २०१५ मध्ये तुम्ही दूरचित्रवाणीवर सांगितलं होतंत, की फिफाच्या पैशांचे धनादेश आणि कागदपत्रं तुमच्याजवळ आहेत, ती वकिलांकडे दिली आहेत, आता हिमस्खलन होणार आहे आणि मृत्यूही ते थांबवू शकणार नाही. त्याला दहा वर्षं होऊन गेली. तुम्ही ऐंशी ओलांडलीत. तुमच्या मानेवरची प्रत्यार्पणाची तलवार गेली आहे, आता घाबरायचं कारण नाही. ते कागद बाहेर काढा, आणि त्यांच्याबरोबर तीन हिशेब प्रसिद्ध करा: २००६ च्या विश्वचषकाचा, मार्व्हिन ली स्टेडियमचा आणि हैतीच्या मदतीचा. पहिला हिस्लॉप आणि त्याच्या सहकाऱ्यांना पाठवा, दुसरा मार्व्हिनच्या घरी, तिसरा पोर्ट-ओ-प्रिन्सला. आम्हाला प्रत नको.

त्रिनिदादच्या खेळाडूंचा एक मराठी चाहता